खालचा गठ्ठा

मिलच्या चाळीतल्या त्या दोन खोल्यांत माणसं राहत होती तीन, आणि पेपर किती होते ते मोजायला कधी कुणी बसलं नव्हतं. पलंगाखाली पेपर, पोटमाळ्यावर पेपर, दारामागं ज्वारीच्या पोत्याशेजारी पेपर. दर अमावास्येला रेवणप्पा महिनाभराचे पेपर एकावर एक रचायचा, मधेमधे कडुलिंबाचा पाला घालायचा, मिलमधून आणलेल्या सुताच्या दोरीनं गठ्ठा चारी अंगांनी आवळायचा आणि भिंतीला लावून ठेवायचा. त्याला महिन्यांची नावं वाचता येत नव्हती तेव्हापासूनची ही रीत. पुढं वाचता यायला लागलं तरी त्यानं ती मोडली नाही.

त्याची बायको वच्छला या पेपरांना कावली होती. रद्दीवाला गल्लीत ओरडत आला की ती दारात जाऊन उभी राहायची आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत परत आत यायची. शेजारणींना सांगायची, आमच्याकडं पाहुणा आला तर त्याला बसायला आधी पेपर उठवावे लागतात, आणि पेपर उठवले तर ह्यांच्या कपाळाला आठी पडते.

मिलच्या दारासमोर चन्नवीरचं चहाचं हॉटेल होतं. चन्नवीर रेवणप्पाला वकील म्हणायचा, आणि त्याला कारण होतं. पंधरा वर्षांपूर्वी गल्लीतल्या तालमीत मोठ्या माणसांसाठी वर्ग निघाला, त्यात रेवणप्पा तिशी उलटल्यावर पाटी घेऊन बसला. अक्षर लागल्यावर त्यानं घरातले जुने पेपर वाचायला घेतले आणि त्यांतली कात्रणं कापायला सुरुवात केली. मुलगी विजयमाला हिच्या भरलेल्या वह्यांत तो ती कात्रणं कणकेच्या खळीनं चिकटवायचा. कात्रणं सगळी एकाच जातीची. खून करून परागंदा झालेला आरोपी बारा वर्षांनी सापडला. साक्षीदार उलटले म्हणून एकजण सुटला. एकाला फाशीची जन्मठेप झाली. दुसरं काही त्यानं कधी कापलं नाही, ना देवाचं चित्र, ना कुस्तीची बातमी.

"काय वकीलसाहेब," चन्नवीर बशी पुढं सरकवत विचारायचा, "आज कोण सुटलं?"

"सुटलं न्हाय. सात वर्सं झाली," रेवणप्पा सांगायचा आणि खाली मान घालून चहा प्यायचा. हॉटेलातली माणसं हसायची. रेवणप्पा हसायचा नाही. पण तो तसाच माणूस आहे, म्हणून कुणाला त्यात काही वाटायचं नाही.

खरी गोष्ट अशी होती की या माणसाचं नाव रेवणप्पा नव्हतं.

करमाळा तालुक्यातल्या जेऊर स्टेशनापासून दीड कोसावर एक वस्ती आहे, तिथल्या बजाबाईचा हा धाकटा मुलगा. नाव आबासाहेब. बाप लहानपणीच गेलेला. थोरला भाऊ हिंदुराव घरचा कारभार बघायचा आणि आबा जनावरं बघायचा. आबानं एक खिलारी खोंड वासरापासून वाढवला होता. आपल्या वाटणीची अर्धी भाकरी त्याला चारायचा, पावसात त्याच्या अंगावर आपलं घोंगडं टाकायचा. सन एक्कावन्नच्या वैशाखात हिंदुरावानं तो खोंड त्याला न विचारता बाजारात विकला. दावणीला रिकामं दावं बघून आबा तडक शेतात गेला. दोघांची बोलाचाली झाली. हिंदुराव म्हणाला, घर चालवणाऱ्यानं जनावराला विचारून व्यवहार करायचा का. आबाच्या हाताला जुवाची शिवळ लागली, चांगली हातभर लांबीची बाभळीची खुंटी. ती त्यानं भावाच्या कानामागं हाणली.

हिंदुराव बांधावर पडला तो हललाच नाही. कानातून रक्त आलं. आबानं त्याच्या नाकापुढं हात धरला, आणि हाताला काही लागलं नाही. मग तो पळाला. संध्याकाळच्या गाडीत चढला तेव्हा अंगात बंडी होती आणि खिशात काही नव्हतं. सोलापुरात उतरला. तेव्हा त्याचं वय होतं बावीस.

चन्नवीरच्या हॉटेलात तो कपबशा विसळायला राहिला आणि तिथल्याच बाकावर झोपायला लागला. तिथं त्याला सगळे पोऱ्या म्हणायचे, नाव कुणी विचारलं नाही. दोन महिन्यांनी मिलमध्ये माणसं भरणाऱ्या एका जॉबरनं त्याला आत घेतलं. रेवणप्पा नावाचा कामगार गावी गेला होता, तो परत येत नव्हता. त्याचं हजेरीचं तिकीट मोकळं होतं. त्या तिकिटावर हा कामाला लागला. असं तेव्हा मिलमध्ये सर्रास चालायचं. तिकीट एकाचं, हात दुसऱ्याचे. माणसं चार महिन्यांनी आपापल्या नावावर जायची. हा गेला नाही. याला ते नाव देवानं दिल्यासारखं वाटलं. पुढं लग्न ठरताना वच्छलाच्या मामानं विचारपूस केली तेव्हा त्यानं जात खरी सांगितली, गाव खोटं सांगितलं, आणि रेवणसिद्धाच्या नवसाचा म्हणून नाव रेवणप्पा, असं सांगितलं.

आणि पेपर? हॉटेलात सकाळी पेपर यायचा. चारजण त्यावर वाकायचे आणि वाचता येणारा एकजण मोठ्यानं वाचायचा. "हे बघा, करमाळ्याकडं काय झालं," असं कुणी म्हटलं की कपबशा विसळणाऱ्या आबाच्या हातातली बशी तशीच राहायची. काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं आणि विचारायची छाती नव्हती. विचारलं की लोक म्हणणार, तुला का रे करमाळ्याची पंचाईत? म्हणून वाचनाला सुरुवात झाली की तो मागं चुलीपाशी जाऊन बसायचा. पण लोकांचा वाचून झाला की पेपर उचलायचा. अंथरायला होतो म्हणायचा. अंथरायचा नाही, घडी घालून ठेवून द्यायचा. आपल्याबद्दल जे काही छापलं असेल ते निदान दुसऱ्याच्या हातात पडून राहू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. पुढं पगार यायला लागल्यावर तो स्वतः पेपर घ्यायला लागला. एक दिवस आपण वाचायला शिकू, आणि काय छापलंय ते आपल्या डोळ्यांनी बघू, असं त्यानं ठरवलं.

वाचायला तो शिकलाही. पण वाचायला लागला ते वरच्या गठ्ठ्यापासून. वरून खाली, एकेक गठ्ठा, एकेक वर्ष. सगळ्यांत खाली, पलंगाच्या कोपऱ्याच्या पायाशी, पहिल्या चार महिन्यांचा एक मोठा गठ्ठा होता. तो त्यानं कधी सोडला नाही. विजयमाला शाळेत जायला लागली, फडाफडा वाचायला लागली, तेव्हा त्यानं तिला बाकीच्या पेपरांना हात लावू दिला, पण त्या गठ्ठ्याला नाही. त्यात 'धाकट्या भावाकडून थोरल्याचा खून' असं कुठंतरी छापलेलं असणार याची त्याला खात्री होती. ते वाचलं की मग हिंदुराव मेलाच. न वाचता तो तेवीस वर्षं बांधावर नुसता पडलेला होता.

सन चौऱ्याहत्तरची दिवाळी चार दिवसांवर आली होती. मिलला सुट्टी होती, रेवणप्पा चहाला गेला होता. वच्छलानं घर झाडायला काढलं, पलंग ओढला, आणि बघते तर कोपऱ्यातल्या गठ्ठ्याला मातीचं कवच आलेलं. झाडूचा दांडा लावला तशी माती गळाली आणि आतून पांढरी वाळवी वळवळत बाहेर आली. तिनं गठ्ठा तसाच ओढत चाळीच्या चौकात आणून उन्हात टाकला आणि आतून रॉकेलची बाटली आणली.

रेवणप्पा तेवढ्यात चौकात शिरला. त्यानं धावत जाऊन तिच्या हातातली बाटली घेतली.

"अवो, किडं हायत की त्यात," वच्छला म्हणाली. "वासं खाल्ल्याबिगार राहायची न्हायत."

"जाळतो. मीच जाळतो. तू जा आत."

"आदी वाचणार असाल. खुनाखुनीचं काय ऱ्हायलं असंल त्यात."

ती चेष्टेनं म्हणाली आणि आत गेली. रेवणप्पा खाली बसला. दोरी हात लावताच तुटली. अर्धे पेपर तर मातीच झाले होते, उचलले की बोटांतून गळत होते. मधले काही उरले होते, त्यांना नक्षीसारखी भोकं पडलेली. आता नाही वाचलं तर संध्याकाळपर्यंत वाचायला काही राहणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. वाळवी झटकत त्यानं एकेक पेपर उलगडायला घेतला. मथळे बघायचे, खून, पोलीस, करमाळा एवढे शब्द शोधायचे आणि पेपर बाजूला टाकायचा, असं त्याचं चाललं. वैशाख गेला. जेठ गेला. काही सापडेना.

आषाढातल्या एका पेपराच्या शेवटच्या पानावर, एका औषधाच्या जाहिरातीच्या खाली, चौकटीत बारीक मजकूर होता. त्याकडं त्यानं बघितलंही नसतं. पण चौकटीतलं पहिलंच नाव त्याला दिसलं, आणि ते त्याचं होतं. हे नाव त्यानं पाटीवर कधी गिरवलं नव्हतं. वर्गात त्याला रेवणप्पा लिहायला शिकवलं होतं. तरी ते त्याला एका नजरेत वाचता आलं.

'चि. आबासाहेब यास. तू गेल्यापासून मातोश्रींनी अन्न सोडले आहे. हिंदुराव बरा होऊन दवाखान्यातून घरी आला आहे. त्याचा तुझ्यावर राग नाही. पोलिसांत कोणी गेलेले नाही. असशील तेथून निघून ये. न आलास तर मातोश्री'

त्यापुढं भोक होतं.

रेवणप्पानं ते पुन्हा वाचलं. अक्षराला बोट लावून वाचलं. बरा होऊन. बरा होऊन दवाखान्यातून. 'बरा' हा शब्द दोन अक्षरांचा, वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवलेला, आणि आता त्याला तो कळेना. दुसरा कुणी हिंदुराव असेल, असं त्याला वाटलं. मग दुसरा कुणी आबासाहेब, असं वाटलं. खाली जेऊरच्या शाळामास्तरांचं नाव आणि वस्तीचं नाव होतं. त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला. माणसाच्या छातीवर गाठोडं पडावं तसा. वच्छला आतून धावत आली.

"चावलं का काय?"

त्यानं पेपर तिच्यापुढं धरला, पण तिला कुठं वाचता येत होतं. तिनं त्याच्या हाताकडं बघितलं, पायाकडं बघितलं, इंगळी शोधली. तो मात्र दुसरा पेपर उलगडायला लागला होता, मग तिसरा. दुसऱ्यावरचा मजकूर गेला होता. तिसऱ्या दिवशीच्या पेपरावर तीच चौकट होती. वाळवीनं तिथं वरचा भाग खाल्ला होता, खालचा ठेवला होता.

'न आलास तर मातोश्री स्वतः सोलापुरास येऊन तुझा शोध करणार आहेत.'

हे वाचलं आणि रेवणप्पाचे हात थांबले. इतका वेळ त्याला जे कळत नव्हतं ते आता एकदम कळलं, आणि त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट कळली, जिचा त्यानं कधी विचार केला नव्हता.

त्याच वर्षी थंडीच्या दिवसांत, तो नव्यानं मिलमध्ये लागला होता तेव्हा, एकदा गेटवरचा पहारेकरी खात्यात आला होता. धडधडणाऱ्या साच्यांच्या आवाजात ओरडून त्यानं विचारलं होतं, जेऊरकडचा आबासाहेब नावाचा कुणी आहे का, बाहेर एक बाई उभी आहे. कामगारांनी एकमेकांकडं बघून माना हलवल्या. रेवणप्पाच्या तिकिटावर काम करणारा माणूस तुटलेला धागा सांधत होता. त्यानंही मान हलवली. ही पोलिसांची युक्ती आहे, बाईमाणूस पुढं करून आपल्याला बाहेर काढतायत, अशी त्याची खात्री होती. भोंगा झाल्यावर तो मागच्या बाजूनं, कोळशाच्या ढिगावरून, गेला. पुढं पंधरा दिवस तसाच गेला.

वच्छला अजून त्याच्यापुढं उभी होती. तिथंच चौकात, वाळवीच्या मातीत बसून, त्यानं तिला सगळं सांगितलं. खोंडापासून सांगितलं. शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांना तिनं हातानंच आत जायला सांगितलं.

त्याचं संपल्यावर तिनं रॉकेलची बाटली उचलून बाजूला ठेवली.

"म्हंजी तुमी रेवणप्पा न्हाय," ती म्हणाली.

"न्हाय."

"मग वीस वर्सं मी कुणाच्या नावाचं कुकू लावलं?"

ती आत गेली. त्याला वाटलं, आता ट्रंक निघेल, मामाला निरोप जाईल. तसं झालं असतं तर त्यात काही चुकीचं होतं असं त्याला वाटेना. थोड्या वेळानं ती बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या होता.

"हात धुवा ते," ती म्हणाली. "जेऊरला गाडी कवा हाय?"

विजयमालेला शेजारणीकडं ठेवून दोघं दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं निघाली. मोहोळ गेलं, माढा गेलं, कुर्डुवाडीला गाडी अर्धा तास उभी राहिली. त्याच्या खिशात ते दोन पेपर होते. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपण फार लांब पळून आलो आहोत. दुपार व्हायच्या आत गाडी जेऊरला लागली. तो फलाटावर उतरला आणि तिथंच खाली बसला. वच्छलानं दंडाला धरून उठवलं.

वस्तीवर घर तेच होतं, पत्रा नवा होता. अंगणात एक माणूस वाखाची दोरी वळत बसला होता. डोईचे केस पांढरे, अंगानं वाळलेला. माणसं आलेली त्याला ऐकू आली नाहीत. सावली पडली तेव्हा त्यानं वर बघितलं.

"कोण पायजे?"

आबानं तोंड उघडलं. तेवीस वर्षांत ते नाव त्याच्या जिभेवर आलं नव्हतं, आणि आता ते येईना. ओठ नुसते हलत होते. हिंदुराव त्याच्याकडं, मग बाईकडं बघायला लागला. नवऱ्याचं नाव वच्छलानं लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर कधी घेतलं नव्हतं. आणि घेतलं ते खोटंच निघालं होतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हे आबासाहेब," ती म्हणाली. "तुमचे भाऊ."

हिंदुरावानं मान वळवून दुसरा कान तिच्याकडं केला. "काय म्हन्लीस बाई? ह्या कानानं ऐकू येत न्हाय मला."

तिला ते दुसऱ्यांदा, मोठ्यानं सांगावं लागलं.

हिंदुराव उठला नाही. त्याच्या हातातली दोरी आपोआप उलगडत गेली. मग त्यानं हात पुढं केला आणि आबाचं धोतर धरलं, लहान पोर आईचं लुगडं धरतं तसं, आणि धरून ठेवलं.

आईला जाऊन चार वर्षं झाली होती. हिंदुरावानंच सांगितलं, पाणी पिऊन झाल्यावर. गाडीत चढताना आबाला कुणीतरी बघितलं होतं, म्हणून सोलापूरच्या पेपरात छापायला दिलं. बारा वर्षं झाल्यावर लोक म्हणाले, तो गेला समजून दर्भाचा पुतळा करून दिवस घाला. म्हातारीनं घालू दिले नाहीत. जिवंत माणसाला पाणी सोडायला मी काय येडी हाय का, म्हणाली. त्या पहिल्या थंडीत ती तीनदा सोलापूरला गेली होती. फडक्यात भाकरी बांधून न्यायची. एका मिलच्या दारात पाळी सुटेपर्यंत उभी राहायची, मग दुसऱ्या मिलच्या. तिसऱ्यांदा परत आल्यावर म्हणाली, सोलापुरात न्हाय त्यो, कुटंतरी लांब गेलाय. मग गेली नाही.

आबानं भावाला थांबवलं आणि पहारेकऱ्याची गोष्ट सांगितली. चांगल्या कानाशी तोंड नेऊन, काही न वगळता सांगितली. मान हलवली ते सांगितलं. कोळशाचा ढीग सांगितला.

बैलानं दावणीवर पाय आपटला, तिकडं हिंदुराव बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "हे मला सांगितलंस ते ठीक. गावात सांगू नगंस. इचारलं तर म्हन, सुरतंला व्हतो. मंबईला व्हतो. लई लांब व्हतो, म्हन."

तोवर बातमी वस्तीभर झाली होती. माणसं अंगणात जमायला लागली. म्हाताऱ्यांनी ओळखलं, पोरं नुसतीच बघत राहिली. कुणीतरी वच्छलाच्या हातात चहाचा कप दिला. मग माणसं बाजूला झाली आणि काठी टेकत एक म्हातारी पुढं आली. ती मायाक्का होती, आईची शेजारीण. एकटीनं कसं जायचं म्हणून बजाबाईनं तिन्ही वेळा तिलाच बरोबर नेलं होतं, हे हिंदुराव मघाशीच बोलला होता.

मायाक्काला आता नीट दिसत नव्हतं. तिनं आबाचा चेहरा हातांनी चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती त्याच्या गालावरून हात फिरवत राहिली.

"कुटं व्हतास रं लेकरा एवढी वर्सं?"

हिंदुरावानं लांबूनच मान हलवली. आबानं ते बघितलं. बायकोकडं बघितलं. वच्छला कप हातात धरून उभी होती, चहा प्यालेली नव्हती.

"सोलापुरात," आबा म्हणाला. "आय आन तू दारात हुब्या व्हता न्हवं, त्या मिलच्या आत व्हतो. तुमी इचारलेलं मला ऐकू आलं व्हतं."

मायाक्कानं त्याच्या गालावरचा हात काढून घेतला नाही. पण तो फिरायचा थांबला.